चांद्रयान-३ला २२ दिवस का लागले?

दापोलीतली शाळकरी मुलं विचारतात: १९६९ साली अपोलो-११ तीन दिवसांत चंद्रापाशी पोहोचलं, मग २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ला २२ दिवस का लागले? उत्तर आपल्या हर्णै बंदरातच आहे. मोठं इंजिन लावलं की होडी लवकर पोहोचते, पण डिझेलही जास्त जातं.

अपोलोकडे अजस्र सॅटर्न-५ रॉकेट होतं. त्याच्या तिसऱ्या टप्प्याने सुमारे सहा मिनिटांत यानाला पृथ्वीजवळच्या कक्षेतून चंद्राकडे ढकललं. चांद्रयानाचं वजन ३,९०० किलो, पण त्याच्या इंजिनाचा जोर ४४० न्यूटन, म्हणजे जेमतेम ४५ किलोचं पोतं उचलण्याइतका. म्हणून यान पृथ्वीजवळ आलं की थोडा वेळ इंजिन चालवायचं. असं करत कक्षा लांबवत नेली आणि १ ऑगस्टला यान चंद्राकडे निघालं.

तिसरा मार्ग विजेच्या इंजिनाचा. ते झेनॉन वायूचे कण वेगाने मागे फेकतं. युरोपचं स्मार्ट-१ यान २००३ मध्ये फक्त ८२ किलो झेनॉन घेऊन निघालं. चंद्रापाशी पोहोचायला १३ महिने लागले.

सामानाला उशीर चालतो. माणसांना नाही, कारण वाटेत किरणोत्साराचे पट्टे आहेत. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी मोठं रॉकेट लागेल, आणि ते बांधणारे इंजिनियर आज शाळेतच आहेत. आपल्या मुलामुलींचं गणित-विज्ञान सुटू देऊ नका.