उंच खिंड आणि मित्रांची सोबत

डोंगर ओलांडण्याच्या वाटेला मराठीत घाट, खिंड, बारी, नाळ अशी अनेक नावे आहेत. हिमाचलात अशा वाटेस ‘जोत’ म्हणतात, कुमाऊंमध्ये ‘धुरा’ आणि तिबेटी बोलीच्या मुलखात ‘ला’. शिखरावर गेलेला मनुष्य बहुधा आल्या वाटेने परततो. खिंड ओलांडणारा मात्र दुसऱ्याच मुलखात उतरतो. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने कोकणातला माल जुन्नरकडे जात असे. त्या काळी माणसे व्यापारासाठी एकत्र चालत; आज मित्रमंडळी हौसेने चालतात. परंतु सह्याद्रीतील घाट चढणे आणि हिमालयातील उंच खिंड ओलांडणे यांत केवळ उंचीचा फरक नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

भिलाईच्या एखाद्या वस्तीतील पाच-सहा मित्रांनी कुलू आणि लाहौल यांमधील हम्टा खिंड ओलांडण्याचे ठरविले, असे समजू. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. हम्टा खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे. म्हणजे हे मित्र ज्या मनालीस मोटारीतून उतरतात, ते सुमारे २,०५० मीटरांवरील गावच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. त्यांची खरी चढण तेथून पुढे सुरू होते.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटत नाही. ते शेकडा २१ इतकेच राहते. घटतो तो हवेचा दाब. हम्टाच्या माथ्यावर हा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन-पंचमांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीरास मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने कमी होतो. शरीर यावर उपाय योजते. श्वास जलद व खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कांचा तोल सावरू लागतात. या गोष्टींना काही दिवस लागतात, आणि रक्तातील तांबड्या पेशी पुरेशा वाढण्यास तर कित्येक आठवडे. म्हणूनच ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा दंडक आहे.

येथे बळकट मनुष्याची फसगत होते. व्यायामाने कमावलेले शरीर या विकारापासून वाचतेच असे नाही. उलट ते वेगाने चढते आणि लवकर अडचणीत येते. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे असंख्य जवान थोड्या अवधीत उंच सरहद्दीवर पोहोचविले गेले. त्यांपैकी १,९२५ आजारी जवानांचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आजारी पडलेले हे जवान म्हणजे कोणी दुबळी माणसे नव्हती.

विकाराची सुरुवात साधी असते: डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे. अशा वेळी आहे त्याच उंचीवर थांबले, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. परंतु बसल्या जागी धाप लागू लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसांत पाणी साचत आहे किंवा मेंदूला सूज येत आहे असे समजावे. यावर पहिला आणि खरा उपाय एकच, तो म्हणजे तत्काळ खाली उतरणे. रात्र झाली म्हणून सकाळची वाट पाहणे प्राणावर बेतू शकते.

मित्रांच्या सोबतीचा कस येथेच लागतो. रजा मोजकी असते, पैसे भरलेले असतात. ज्याचे डोके दुखत असते तो ‘माझ्यामुळे सर्वांचा बेत फसेल’ या संकोचाने गप्प राहतो. थट्टेखोर मंडळींत हा संकोच अधिकच वाढतो. म्हणून अनुभवी लोक रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकास प्रकृती विचारतात, आणि उत्तराइतकेच त्याच्या ताटाकडे व चालीकडेही लक्ष देतात. एक जाणता मनुष्य पुढे, एक सर्वांच्या मागे, आणि सर्वांत सावकाश चालणारा पुढच्याच्या पाठोपाठ, अशी रांग असते. त्याची चाल हीच सर्वांची चाल. आजारी मनुष्यास एकट्याने परत पाठवू नये; कोणीतरी त्याच्याबरोबर उतरावेच.

दुसरा प्रश्न वेळेचा. खिंडीच्या दिवशी पहाटे निघतात, कारण ऊन चढले की बर्फ भुसभुशीत होते, दुपारी ढग दाटतात आणि वितळलेल्या पाण्याने ओढे फुगतात. अमुक वाजेपर्यंत माथा न आल्यास मागे वळायचे, हे आदल्या रात्रीच ठरवावे लागते. माथा समोर दिसू लागल्यावर असा निर्णय शांतपणे घेणे अवघड असते.

हवामानाचा पल्ला किती दूरवर असतो, याचे दारुण उदाहरण २०१४ चे आहे. १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलेले ‘हुदहुद’ वादळ मंदावत छत्तीसगडवरून उत्तरेकडे गेले. त्याच्याच उरल्यासुरल्या ओलाव्याने १४ ऑक्टोबरला नेपाळातील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला परिसरात भयंकर हिमवर्षाव झाला. त्या आपत्तीत चाळीसहून अधिक माणसे दगावली. छत्तीसगडात ज्याचा केवळ पाऊस झाला, त्याचेच तेथे हिम झाले.

सर्व नीट जमून आले, तर हम्टाच्या माथ्यावर एक विलक्षण दृश्य दिसते. मागे कुलूची हिरवी कुरणे आणि देवदारांची राने, पुढे लाहौलचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर. पावसाळी ढग या रांगेशी बरेचसे अडतात, म्हणून अर्ध्या दिवसाच्या चालीत मुलूख पालटतो. गद्दी मेंढपाळ अशाच खिंडींतून आपले कळप घेऊन पिढ्यान्‌पिढ्या लाहौलच्या कुरणांकडे जात आले आहेत. कळपातील कोकरांना झेपेल तेवढीच मजल ते मारतात. सपाटीवरून हौसेने जाणाऱ्या मित्रमंडळींनी त्यांच्यापासून एवढी एक रीत उचलली, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.