डॉक्टरकी वाटून टाकणारं जोडपं

आमच्या हरिहरेश्वरला पावसाची कमी नाही आणि समुद्र तर दारातच. पाण्यासाठी बाई मैलभर चालते म्हणजे काय, हे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना फार तर एप्रिल-मे महिन्यापुरतं कळतं. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड हा मात्र कायमचा दुष्काळी मुलूख. १९७० साली तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं दवाखाना घालायला आलं.

रजनीकांत राहुरीचे, शिक्षकाच्या घरातले. दोघांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतलं आणि १९६० साली लग्न केलं. आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं, हे लग्नाच्या वेळीच ठरलेलं होतं. पुढे नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काढली. बरा करून घरी पाठवलेला रोगी काही दिवसांनी तोच आजार घेऊन दारात उभा, हे तिथे रोजचंच झालं. मग दोघं अमेरिकेला गेली आणि तिथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकली. तिथेच राहिली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. ती जामखेडला आली.

लोकांना त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? लोकांनी औषध मागितलं नाही, अन्न आणि पाणी मागितलं. मग कूपनलिका खोदल्या, हातपंप बसवले. ते बसवले दलित वस्तीत. ज्याला पाणी हवं, त्याने घागर घेऊन तिथे यायचं. शिवाशिवीवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्या सगळ्यांपेक्षा मला हा पंप जास्त पटतो.

गावोगाव राहायला आधी शिकलेल्या नर्सबाई नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. परक्या गावात एकट्या तरुण मुलीने राहायचं कसं, आणि तिचं ऐकणार कोण? तेव्हा गावातलीच बाई निवडायची ठरली. यातल्या पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि शिकत. बाळंतपणाला हात लावण्याआधी ते साबणाने धुवायचे. नाळ उकळलेल्या पात्याने कापायची. अंगावरच्या चट्ट्याला स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यायची. जुलाब झालेल्या पोराचं पाणी तोडायची आपल्याकडे रीतच होती. या बायका घरोघर उलटं सांगू लागल्या, की लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला आणि पोराला पाजत राहा. सुरुवातीला त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा पंचविसाच्या खाली आला.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की डॉक्टर असे असतात, महागडे आणि हाताला न येणारे. मग त्यांनी जवळच्या दोन साध्या वातीच्या दिव्यांपैकी एकाने दुसरा लावून दाखवला. आम्ही कवी मंडळी अशा प्रतिमेसाठी रात्री जागवतो!

हे धर्मांतरासाठीच असेल, ही शंका आपल्याकडे लगेच निघते. मी मुसलमान आहे, हेतूबद्दलचे असे प्रश्न मला नवे नाहीत, म्हणून स्पष्ट सांगतो. आरोळे दांपत्याने आपली श्रद्धा लपवली नाही. तीच त्यांना जामखेडला घेऊन आली. जिनिव्हाच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने त्यांना हात दिला. पण उपचाराला किंवा शिकायला धर्माची अट नव्हती.

हे काम देशाबाहेरही गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मेबल युनिसेफतर्फे दक्षिण आशियाच्या आरोग्य सल्लागार झाल्या. शंभराहून अधिक देशांतले लोक जामखेडला शिकायला आले. त्यांच्या शिक्षकांत या खेड्यातल्या बायकाही होत्या. मेबल १९९९ साली गेल्या आणि रजनीकांत २०११ साली. काम त्यांच्या मुलांनी पुढे नेलं.

आमच्या वाड्यांमधून आज आशाताई फिरतात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून ही योजना निघाली. जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव तिच्यामागे होता. पण जामखेडला डॉक्टर त्या बाईचा शब्द ऐकत. आशाताईंचा बराचसा वेळ वह्या आणि मोबाइल भरण्यात जातो. मानधन वाढावं म्हणून २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांना संप करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानात दिवसेंदिवस बसावं लागलं. बाळाचं वजन करायला त्या घरी आल्या, की माणसं त्यांना अजूनही विचारतात, डॉक्टर कधी येणार?