पुन्हा पुन्हा पाताळ

मृत्यूच्या पलीकडे काय आहे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. आपला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसला आणि ज्ञान घेऊन परतला. ग्रीकांचा ऑर्फियस मात्र पत्नीला जवळजवळ वर आणूनही, वाटेत मागे वळून पाहिल्यामुळे तिला कायमचा मुकला. पाताळात जाणारे पुष्कळ, परतणारे विरळा. म्हणूनच या कथा टिकल्या.

या कल्पनेला आपल्या काळात एक नवे रूप मिळाले, तेही संगणकावरील खेळात. 'खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय' असे मानणाऱ्या प्राध्यापकांनी क्षणभर थांबावे, ही नम्र विनंती! अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील 'सुपरजायंट गेम्स' या सुमारे वीस जणांच्या छोट्या संस्थेने 'हेडीस' हा खेळ निर्माण केला. त्याचा नायक झॅग्रियस हा पाताळाधिपती हेडीसचा पुत्र. प्राचीन वाङ्मयात त्याचे उल्लेख तुटपुंजे आहेत. एस्किलसच्या त्रुटित ओळींत त्याचे नाते हेडीसशी जोडलेले आढळते. जिथे परंपरा मौन बाळगते, तिथे कल्पकतेला वाव असतो.

झॅग्रियसला बापाच्या राज्यातून निसटून पृथ्वीवर जायचे आहे. टार्टारस, अ‍ॅस्फोडेल, इलिझियम असे एकेक प्रदेश ओलांडताना तो मरतो आणि स्टिक्स नदीच्या रक्तवर्णी पाण्यातून पुन्हा बापाच्याच वाड्यात उगवतो. कित्येक खेळांत मरण म्हणजे केलेले बरेचसे वाया. येथे मात्र तो परतला की वाड्यातील माणसे नवे बोलतात. तो कोणाच्या हातून मेला, वाटेत कोणाला भेटला, हे त्यांना ठाऊक असते. त्यासाठी वीस हजारांहून अधिक संवाद ध्वनिमुद्रित करावे लागले. मरणाशिवाय कथा पुढेच सरकत नाही.

आता ही रचना साधली कशी, ते पाहू. मुळात नायक होता थीसियस आणि स्थळ होते मिनोटॉरचा चक्रव्यूह. पण त्या नायकात जीव येईना. तेव्हा मंडळींनी तो आराखडा बाजूला सारला आणि बापलेकाच्या कलहाची कथा घेतली. थीसियस आणि मिनोटॉर मात्र वाया गेले नाहीत. ते इलिझियमचे रखवालदार म्हणून खेळात राहिले.

याहून धाडसाचे पाऊल डिसेंबर २०१८ मध्ये पडले. खेळ अपुरा असतानाच, तो अपुरा आहे असे स्पष्ट सांगून, त्यांनी तो विक्रीस ठेवला. खेळणारे अडखळत कुठे, कंटाळत कुठे, हे पाहून ठरावीक अंतराने सुधारलेली आवृत्ती निघे. कथेचा खरा शेवट मात्र सप्टेंबर २०२० च्या पूर्ण आवृत्तीपर्यंत राखून ठेवला होता. लेखक ग्रेग कसाविन, चित्रकार जेन झी आणि संगीतकार डॅरेन कॉर्ब यांची कामे निराळी, तरी एकमेकांत गुंतलेली. कॉर्बने तर नायकाला आवाजही दिला. शस्त्र बदलले की संवाद बदलणार, संवाद बदलला की ध्वनिमुद्रण पुन्हा होणार. अशा कामात कोणालाही आपले दार लावून बसता येत नाही. २०२१ साली या खेळाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. खेळांसाठी त्या वर्षी खास विभाग ठेवला होता.

अर्थात, ऐकणे म्हणजे प्रत्येकाच्या म्हणण्यापुढे मान तुकवणे नव्हे. कोणती सूचना घ्यायची, हे शेवटी करणाऱ्यानेच ठरवायचे. पण ठरवण्याआधी ऐकावे तर लागतेच! आपण मात्र उलट वागतो. एकांकिका असो वा भित्तिपत्रक, शेवटच्या दिवसापर्यंत ते झाकून ठेवतो. कोणी चूक दाखवली की रुसतो. चूक उघडी पडते ती दुरुस्तीची वेळ टळल्यावर. अपुरे काम दाखवण्याची लाज हीच आपल्या पुष्कळ अपयशांची जननी आहे, असे मला वाटते.

झॅग्रियस प्रत्येक वेळी हरून परततो, पण रिकाम्या हाताने परतत नाही. निकालाच्या फलकावर स्वतःचे नाव न सापडलेल्या मित्राला यापेक्षा अधिक काय सांगावे? पाताळातून वर जाणारी वाट आहे. ती पहिल्या खेपेस सापडत नाही, इतकेच.