आकाशातून पाणी (भाग ५) : लोणारचा रंग कोणी ओळखला?

मागच्या भागात उपग्रहावरून धरणातला पाणीसाठा कसा मोजतात ते पाहिले. पाणी किती, हे त्यातून कळते. ते कसे आहे, हे कळण्यासाठी या वेळी लोणारला जाऊ.

बुलढाणा जिल्ह्यातले हे खारे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले. लँडसॅट-८ उपग्रहाच्या २५ मेच्या चित्रात पाणी हिरवट आहे, १० जूनच्या चित्रात गुलाबी. हा उपग्रह एकाच जागेवर दर १६ दिवसांनी येतो. म्हणजे लागोपाठच्या दोन फेऱ्यांत रंग पालटला होता.

उपग्रह पाण्यातून परत येणारा प्रकाश मोजतो. स्वच्छ, खोल पाणी लाल आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, म्हणून ते काळसर दिसते. गढूळ पाण्यात लाल प्रकाशाचे परावर्तन वाढते. शेवाळातले हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते, पण ७०० नॅनोमीटरच्या जरा पुढे परावर्तन एकदम उसळते. सेंटिनेल-२ उपग्रहावर नेमका तिथला पट्टा टिपण्याची सोय आहे. अडचण अशी की उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातला सुमारे ९० टक्के वाटा मधल्या हवेचाच असतो. तो अचूक वजा करणे हेच या कामातले सर्वांत कठीण गणित. शिवाय पावसाळ्यात, ओढ्यानाल्यांतून सगळी घाण तलावात उतरते तेव्हाच, ढग आड येतात.

लोणारचा रंग बदलला हे उपग्रहाला दिसले, कारण मात्र सापडले बाटलीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारटपणा वाढल्यावर फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यात निघाले. ते तळाशी बसले की वरचे पाणी पुन्हा नितळ दिसे!

म्हणून केवळ उपग्रहाचा नकाशा पाहून पाणी पिण्याजोगे ठरवणे मला धोक्याचे वाटते. नायट्रेट, शिसे, सांडपाण्यातले जंतू यांना रंग नसतो. नमुना कुठे आणि कधी घ्यायचा, एवढे मात्र उपग्रह फार चांगले सांगतो. तलावाच्या मधोमध एका जागी बाटली बुडवून भागत नाही, हे त्याच्या चित्रातला काठाकाठाचा हिरवा पट्टा दाखवून देतो.

तलावाजवळच्या महाविद्यालयांतल्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती. सेंटिनेल-२ ची चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. तो साधारण सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास वरून जातो. निरभ्र दिवशी त्याच वेळी दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडा, ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजा आणि तारीख, वेळ, जागा वहीत नोंदवा. अशा नोंदी असल्याशिवाय आपल्या तलावांची उपग्रहचित्रे नीट वाचता येणार नाहीत.