अर्ज नामंजूर!

आजारी पडल्यावर आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहून देतात आणि आपण दुकानातून गोळ्या घेऊन येतो. गोळ्यांची किंमत पाकिटावर छापलेली असते. पण ते औषध शोधून काढायला किती वर्षे लागली, किती खर्च आला आणि हाती काहीच नसताना तो पैसा कोणी कोणावर विश्वास ठेवून दिला, हे पाकिटावर कुठेच लिहिलेले नसते.

वैद्यकीय संशोधन हे फार खर्चाचे काम आहे. काही रसायने इतकी महाग असतात, की ती थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून वापरावी लागतात. पेशींचे नमुने उणे ८० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागतात. त्यासाठीचे शीतकपाट रात्रंदिवस चालू असते. वीज गेली आणि दुसरी सोय नसली, तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत वाया जाते. प्रयोगासाठी उंदीर पाळावे लागतात, त्यांचे दाणापाणी पाहणारा माणूस ठेवावा लागतो. शिवाय संशोधकालाही पोट असते, घरदार असते.

हा पैसा मुख्यतः दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे शिष्यवृत्ती. तुम्ही तिला वजीफा म्हणता. ती माणसासाठी असते. तिच्यातून संशोधकाने आपले घर चालवायचे. दुसरे म्हणजे अनुदान. ते कामासाठी असते. त्यातून यंत्रे, रसायने, मदतनिसांचे पगार असा खर्च भागवायचा.

दोन्हींसाठी अर्ज करावा लागतो. अर्ज, मंजूर, नामंजूर, हिशेब हे मराठीतले शब्द तुम्हांला मुद्दाम शिकवायला नकोत. ते तुमच्या घरातलेच आहेत. संशोधनाच्या जगात मात्र अर्ज म्हणजे एका पानाचा कागद नव्हे. मला काय शोधायचे आहे, आजवर इतरांनी काय शोधले आहे, मी कोणते प्रयोग करणार, किती वर्षांत करणार आणि त्याला किती पैसे लागणार, हे सारे त्यात तपशीलवार लिहावे लागते. मग त्याच विषयातले जाणकार तो अर्ज वाचतात, गुण देतात, शेरे लिहितात. अर्ज पुष्कळ असतात आणि पैसा थोडा असतो. त्यामुळे बहुतेक अर्ज परत येतात.

ज्यांचे नाव झाले आहे, अशा शास्त्रज्ञांचे अर्जही कधीकधी परत येतात. पण खरी पंचाईत होते ती नव्या संशोधकाची. जाणकार विचारतात, "तुमची कल्पना चांगली आहे, पण ती चालेल याचा पुरावा कुठे आहे?" पुरावा आणायचा तर प्रयोग करायला हवेत. प्रयोग करायचे तर पैसा हवा. आणि पैसा मागायला गेले की पुन्हा पुरावा! पोहता येईपर्यंत पाण्यात उतरू नकोस, असे सांगण्यासारखेच हे झाले.

या अडचणीत एक बाई किती वर्षे सापडल्या होत्या, त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. त्यांचे नाव कातालिन कारिको. त्यांचा जन्म १९५५ मध्ये युरोपातील हंगेरी या देशात झाला. वडील खाटकाचा धंदा करत. घर लहान होते. घरात नळाचे पाणीही नव्हते. पण मुलगी हुशार निघाली. शिकत शिकत तिने सेगेड येथील विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि त्याच गावातील संशोधन केंद्रात काम सुरू केले. १९८५ मध्ये तेथील पैसा संपला. नोकरी गेली.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या एका विद्यापीठात त्यांना काम मिळाले. पती आणि दोन वर्षांची मुलगी यांना घेऊन त्या निघाल्या. त्या काळी हंगेरीतून परदेशी जाताना जवळ फार थोडे पैसे नेता येत. त्यांनी मोटार विकून ९०० ब्रिटिश पौंड उभे केले आणि ते मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलाच्या पोटात शिवून टाकले! (ही मुलगी पुढे अमेरिकेकडून नौकास्पर्धेत उतरली आणि तिने ऑलिंपिकमध्ये दोनदा सुवर्णपदक जिंकले.)

कारिकोबाईंना काय शोधायचे होते, ते आधी समजून घेऊ. आपल्या शरीरातील पेशी म्हणजे एक छोटा कारखाना, असे समजा. या कारखान्यात प्रथिने तयार होतात. ती कशी बनवायची याची मूळ वही म्हणजे डीएनए. ही वही पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेली असते. ती बाहेर येत नाही. हवा तेवढा मजकूर एका चिठ्ठीवर उतरवला जातो आणि ती चिठ्ठी बाहेर जाते. चिठ्ठी वाचून पेशी प्रथिन बनवते आणि थोड्या वेळाने चिठ्ठी नष्ट करून टाकते. या चिठ्ठीला संदेशवाहक आरएनए म्हणतात. कारिकोबाईंचा विचार असा होता, की अशी चिठ्ठी आपणच प्रयोगशाळेत लिहून पेशीला दिली तर? मग शरीर आपले औषध आपणच तयार करील.

कल्पना सुंदर होती. १९८९ मध्ये त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल्या आणि अनुदानासाठी अर्ज करू लागल्या. एक अर्ज परत आला. दुसरा आला. तिसरा आला. वर्षानुवर्षे हेच चालले. अमेरिकेतील विद्यापीठांत अशी रीत आहे, की वैद्यकीय संशोधकाने आपल्या संशोधनाचा खर्च बहुतांशी बाहेरून अनुदान मिळवून चालवायचा. अनुदान न आणणारा माणूस विद्यापीठाला जड होतो. १९९५ मध्ये त्यांना सांगण्यात आले, की एक तर जा, नाही तर खालच्या पदावर राहा. त्याच सुमारास त्यांना कर्करोगाची शंका आली होती आणि पती प्रवासाच्या परवान्याच्या घोळामुळे हंगेरीत अडकून पडले होते. त्यांनी खालचे पद पत्करले. पण काम सोडले नाही.

अर्ज नाकारणारे जाणकार मूर्ख होते काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या शंका खऱ्या होत्या. ही चिठ्ठी फार नाजूक असते, हात लागताच तिचे तुकडे होतात. शिवाय बाहेरून दिलेली चिठ्ठी शरीराला शत्रूसारखी वाटते, आणि सूज येते. प्रयोगातले प्राणी त्यामुळे आजारी पडत. हाताशी थोडा पैसा असेल, तर तो अशा कामाला द्यावा की ज्याचे फळ दिसू लागले आहे त्याला द्यावा? समितीतल्या माणसाने दुसरी वाट धरली तर त्याला दोष देणे कठीण आहे. दोष पद्धतीत आहे. सगळेच समीक्षक सावधपणे गुण देऊ लागले, की धाडसी कल्पनेला कोठेच जागा उरत नाही.

मग कारिकोबाई टिकल्या कशा? काही माणसांमुळे टिकल्या. त्यांच्या विभागातले स्थान गेले, तेव्हा मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेत असलेल्या डेव्हिड लँगर यांनी आपल्या विभागप्रमुखांकडे रदबदली केली आणि त्यांना त्या विभागात जागा मिळवून दिली. १९९७ मध्ये ड्रू वाइसमन हे डॉक्टर विद्यापीठात आले. दोघांची ओळख झाली ती झेरॉक्सच्या मशीनपाशी. शास्त्रीय लेखांच्या प्रती काढायला दोघेही तिथे येत. वाइसमन यांना लस शोधायची होती. कारिकोबाईंना चिठ्ठी लिहिता येत होती. शिवाय वाइसमन यांच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा होती.

दोघांनी मिळून सुजेचे कारण शोधले. चिठ्ठी चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. त्यांतले एक अक्षर किंचित बदलले, तर शरीर तिला शत्रू समजत नाही, असे त्यांना आढळले. २००५ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. त्याआधी एका नामवंत नियतकालिकाने तो लेख परत पाठवला होता. लेख छापून आल्यावरही फारशी कोणी दखल घेतली नाही. २०१३ मध्ये कारिकोबाई जर्मनीतील बायोएनटेक या कंपनीत गेल्या.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली. जगभर माणसे मरू लागली. विषाणूची रासायनिक रचना जानेवारीत जाहीर झाली आणि डिसेंबरात बायोएनटेक व फायझर या कंपन्यांची लस ब्रिटनमध्ये लोकांना टोचली जाऊ लागली. लस इतक्या लवकर तयार झाली, कारण चिठ्ठी लिहायची विद्या पंधरा वर्षे आधीच तयार होती. आपल्या देशात बहुतेकांनी घेतलेल्या लसी वेगळ्या पद्धतीच्या होत्या. तरी या पद्धतीची भारतातील पहिली लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने तयार केली. तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली. २०२३ मध्ये कारिको आणि वाइसमन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. कारिकोबाईंनी आपल्या वाट्याची रक्कम, म्हणजे सुमारे पाच लाख डॉलर, पुढच्या वर्षी सेगेडच्या विद्यापीठाला देऊन टाकली.

ही हकिकत गोड झाली. पण अर्ज परत आल्यावर ज्यांनी प्रयोगशाळा सोडली आणि दुसरी नोकरी धरली, त्यांच्या कल्पनांचे काय झाले असेल? त्यांची नोंद कोणीच ठेवत नाही.

नव्या माणसांसाठी पैसा वेगळा काढून ठेवावा, हा विचार मात्र जुना आहे. त्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. जमशेटजी टाटा यांचे थोरले चिरंजीव दोराबजी. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या काळी या रोगापुढे डॉक्टर हात टेकत. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' स्थापन केला. त्याच वर्षी तेही वारले. ट्रस्टच्या उत्पन्नाचे पाच भाग करायचे, असे त्यांनी ठरवून ठेवले होते. चार भाग रक्ताच्या रोगांवर जगात कोठेही चाललेल्या संशोधनासाठी आणि एक भाग भारतातील संशोधनासाठी. संशोधक कोणत्या देशाचा, कोणत्या धर्माचा, याची अट नव्हती. रोगाला देश नसतो, मग त्याच्यावरच्या औषधाला तरी कशाला हवा? हा ट्रस्ट आजही चालू आहे आणि तरुण संशोधकांना मुद्दाम मदत करतो.

सरकारेही उशिरा का होईना, जागी झाली आहेत. अमेरिकेत आरोग्य संशोधनाला पैसा देणारी सर्वांत मोठी सरकारी संस्था आहे. तिचे पहिले मोठे अनुदान मिळेपर्यंत बहुतेक संशोधकांची चाळिशी उलटते, हे लक्षात आल्यावर तिने नव्या संशोधकांचे अर्ज वेगळे ओळखून त्यांना झुकते माप द्यायला सुरुवात केली. २०२० मध्ये तिने नव्यांसाठी एक अनुदान असेही जाहीर केले, की ज्याच्या अर्जात आधीच्या प्रयोगांचे निष्कर्ष जोडायला चक्क मनाई आहे! फक्त कल्पना सांगा. मला ही युक्ती फार आवडली.

भारतात १९११ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठी निधी देणारी एक संस्था स्थापन झाली. तिलाच १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद हे नाव मिळाले. २००८ मध्ये केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी मिळून 'इंडिया अलायन्स' नावाची संस्था उभारली. नुकतीच पीएच.डी. झालेल्या किंवा होत आलेल्या तरुणांसाठी तिची खास शिष्यवृत्ती आहे. तिच्यात संशोधकाचा पगारही मिळतो आणि प्रयोगांचा खर्चही.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे पीएच.डी.ची. एम.एस्सी. झाल्यावर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. ती अनेक वर्षे दरमहा २५,००० रुपयांवर अडून होती. संशोधक विद्यार्थ्यांनी देशभर आंदोलने केली, निवेदने दिली. २०१९ मध्ये ती ३१,००० रुपये झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. दोन वर्षांनंतर काम समाधानकारक असेल तर रक्कम वाढते. घरभाडे भत्ता निराळा. मात्र हे पैसे दर महिन्याला वेळेवर येतातच असे नाही. काही महिन्यांची रक्कम एकदम हाती पडते. तोवर खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल कुठून द्यायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे असते.