वादळानंतरची वाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आम्ही नगरकडची माणसे दुष्काळात वाढलेली. दुष्काळ दबक्या पावलांनी येतो. आधी आभाळ हुलकावणी देते, मग विहीर तळ गाठते, मग दावणीची जनावरे छावणीला जातात. माणसाला मनाची तयारी करायला थोडा अवधी मिळतो. वादळ असा अवधी देत नाही. हे ऐकून माहीत होते, पण खऱ्या अर्थाने समजले ते २०२० सालच्या दिवाळीनंतर दिवेआगरला गेलो तेव्हा.

दिवेआगर हे रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. मी संगमनेर तालुक्यात शिक्षक होतो. दर दोन-तीन वर्षांनी शाळेची सहल कोकणात न्यायचो आणि मुक्काम ठरलेला असायचा तो तिथल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत. वाडीच्या मालकांना सगळी आळी नाना म्हणते, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. ताम्हिणी घाट उतरून, माणगाव आणि म्हसळा मागे टाकून आमचा लाल डबा गावात शिरला की मुले एकदम गप्प व्हायची. एवढा गारवा, एवढी सावली त्यांनी कधी पाहिलेलीच नसायची. एकदा एका मुलाने मला विचारले होते, "गुरुजी, इथे ऊन कुठे आहे?" नाना कितीतरी वेळ हसत होते.

निसर्ग चक्रीवादळ आले ३ जून २०२० रोजी. अरबी समुद्रात १ जूनला कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळ झाले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड, दापोली या तालुक्यांना त्याने झोडपले. जमिनीवर आले की वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही आणि त्याचा जोर ओसरतो. तसे ते पुण्याकडून ओसरत ओसरत आमच्या जिल्ह्यातून आणि नाशिककडून पुढे गेले. त्या रात्री आमच्या शेजाऱ्यांच्या कांदाचाळीचे चार पत्रे उडाले. सकाळी आम्ही ते गोळा केले, पुन्हा ठोकले आणि आमच्यापुरते वादळ संपले.

वाऱ्याच्या वेगाचा एक हिशेब इथे सांगितला पाहिजे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटरचा वारा झाडाला जेवढा रेटतो, त्याच्या चौपट रेटा १२० किलोमीटरचा वारा देतो. त्यात चक्रीवादळातला वारा गोल फिरणारा. वादळ पुढे सरकते तशी एकाच ठिकाणी त्याची दिशा बदलत जाते. नानांच्या शब्दांत सांगायचे तर, "सकाळी एका बाजूने हलवून हलवून मुळे सैल केलीन, आणि दुपारी समुद्राकडून येऊन ढकललंन."

तो टाळेबंदीचा काळ होता. फोन लागत नव्हते, कारण विजेचे खांब आणि मनोरे आडवे झाले होते. जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा. ती अट सप्टेंबरमध्ये गेली आणि दिवाळी झाल्यावर मी निघालो. म्हसळा सोडल्यावरच काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. गाव जवळ आले तरी रस्त्यावर सावली येईना. नानांच्या बेड्यापाशी उभा राहिलो आणि समोर थेट पलीकडच्या आळीतली घरे दिसली. वीस वर्षांत ती मला कधी दिसली नव्हती. त्या मुलाचा प्रश्न आता उलटा विचारायची वेळ आली होती. वाडीभर ऊन पडले होते.

नानांची वाडी पंधरा गुंठ्यांची. तीत तीनशेच्या आसपास पोफळी होत्या, पस्तीस नारळ, मधे केळी, मिरीचे वेल आणि दोन जायफळे. नानांनी उभी झाडे मोजून ठेवली होती. पोफळी साठ, नारळ अकरा. जायफळे दोन्ही गेली होती.

घराचे म्हणाल तर ते सावरत होते. कौले नवी चढली होती, पडवीला पत्रे आले होते. गावात महिनाभर वीज नव्हती, तीही आली होती. वहिनींनी पाहुण्यांसाठीच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या होत्या. मी समाधानाने म्हणालो, "नाना, बरेच सावरलात की!" नाना काही बोलले नाहीत. मला घेऊन वाडीत गेले आणि एका मोडक्या पोफळीपाशी उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घराकडे बघून बोलताय. आम्ही घरावर नाही जगत, हिच्यावर जगतो."

त्या दिवशी नानांनी मला जे शिकवले, ते मी तुम्हाला सांगतो.

आंबा मोडला तर खोडाला पुन्हा फूट येते. आमच्याकडचा लिंब वरून छाटला तरी पुढच्या पावसाळ्यात डवरतो. पोफळ आणि नारळ यांचे तसे नाही. ही ताडाच्या कुळातली झाडे. त्यांना फांद्या नसतात आणि वाढणारा कोंब एकच, तोही अगदी शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपले. खोड पुढे काही महिने उभे राहते, पण ते नुसता खांब असते.

दुसरी गोष्ट वेळेची. माझी डाळिंबाची बाग काही वर्षांपूर्वी तेल्या रोगाने गेली. उपटून टाकली, नवी लावली आणि तिसऱ्या वर्षी बहर धरला. पोफळीचे बी रुजवून, रोप करून, ते वाडीत लावून पहिली सुपारी दिसायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. भरघोस उत्पन्न त्यानंतर. बाणवली नारळालाही तेवढाच काळ जातो. जायफळ तर आणखी हळू. म्हणजे साठीला आलेल्या नानांनी त्या दिवशी लावलेले झाड भराला येईल तेव्हा ते सत्तरीत असणार.

तिसरी गोष्ट सावलीची. पोफळीच्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. वाडीत नारळाच्या सावलीत पोफळ आणि पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ असा एकावर एक संसार असतो. नारळच गेले तर नव्या रोपांवर सावली धरणार कोण? म्हणून आधी केळी लावायच्या, त्या वाढल्या की त्यांच्या आडोशाने पोफळी लावायच्या. नुकसान इथेच थांबत नाही. वादळात वाचलेल्या पोफळींची खोडे जन्मभर सावलीत राहिलेली. त्यांच्यावर एकाएकी दुपारचे ऊन पडले की साल भाजते, भेगा पडतात आणि एखादे झाड वर्ष-दोन वर्षांनी मोडते. वादळ एका दिवसाचे, पण त्याने मारलेली झाडे पुढे कितीतरी दिवस पडत राहतात.

चौथी गोष्ट पडलेल्या झाडांची. वाड्यांच्या वाटा अरुंद, तिथे जेसीबी शिरत नाही. नारळाची खोडे हाताने कापून बाहेर काढावी लागतात. ती तशीच कुजू दिली तर त्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याची पुढची पिढी उभ्या नारळांचा कोंब पोखरते. म्हणजे साफसफाई लांबली की वाचलेली झाडेही धोक्यात. गड्यांचा तुटवडा आणि टाळेबंदी, अशा दिवसांत प्रत्येक आळीला हे काम करायचे होते.

आणि एक गोष्ट मला कधीच सुचली नसती. सुपारी काढणारा गडी एका पोफळीवर चढला की खाली उतरत नाही. शेंडा झुलवून शेजारच्या पोफळीवर जातो, तिथून पुढच्या. आमची मुले तोंडात बोट घालून बघत राहायची. आता झाडांमधले अंतर एवढे वाढले होते की प्रत्येक झाडाला वेगळे चढायचे आणि उतरायचे. उरलेल्या साठ झाडांची सुपारी काढायलाही आता पूर्वीपेक्षा जास्त मजुरी पडणार होती.

मदतीचे काय, असे तुम्ही विचाराल. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये आणि पंधरा गुंठ्यांच्या वाडीला साडेसात हजारांच्या आसपास. आमच्याकडे जमीन एकराने मोजतात, तिथे हेक्टरचे माप चालून जाते. कोकणात वाडी गुंठ्यांत असते आणि उत्पन्न झाडावर मोजतात. म्हणूनच तिथल्या बागायतदारांनी झाडामागे मदत द्या अशी मागणी केली. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. जे झाड सात वर्षांनी फळणार, त्याची मदत एकाच वर्षात देऊन संपवू नये. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात लोकांना कामे मिळाली, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली आणि त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तसे वाडी जगवण्याचे काम वर्षानुवर्षे चालू ठेवणारी मजुरी मिळाली, तर नव्या रोपांना पाणी घालणारे हात गावात टिकतील.

परत आल्यावर नानांची ती दोन जायफळे डोक्यातून जाईनात. शोधता शोधता ग्रेनाडाची हकिकत वाचनात आली. ग्रेनाडा हा वेस्ट इंडीजमधला एक छोटा देश, आपल्या जिल्ह्याच्या पन्नासाव्या भागाएवढा. पण जायफळाच्या व्यापारात इंडोनेशियाच्या खालोखाल त्याचे नाव होते. त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळ आहे. ७ सप्टेंबर २००४ रोजी तिथे आयव्हन नावाचे वादळ आले. ३९ माणसे दगावली, दहांपैकी नऊ घरांचे नुकसान झाले आणि जायफळाच्या बागा भुईसपाट झाल्या. लोक सावरत होते तोच जुलै २००५ मध्ये एमिली वादळ आले.

पुढचे ऐकण्यासारखे आहे. तिथले क्रिकेटचे मैदानही वादळात मोडले होते. चीनच्या मदतीने ते नव्याने बांधले गेले आणि २००७ च्या विश्वचषकाचे सामने तिथे झाले. आपण दूरचित्रवाणीवर ते पाहिले आणि वाटले, सावरला देश! तीन वर्षांत मैदान उभे राहिले, जायफळ मात्र राहिले नाही. अनेक शेतकरी लवकर फळणाऱ्या कोकोकडे वळले आणि जायफळाचे उत्पादन कितीतरी वर्षे पूर्वपदावर आले नाही. नाना मला पोफळीपाशी उभे राहून जे सांगत होते, तेच समुद्रापलीकडे घडले होते. छप्पर, रस्ता, वीज यांचे सावरणे महिन्यांत मोजतात. झाडाचे सावरणे वर्षांत मोजावे लागते. बाहेरचा माणूस छप्पर बघतो आणि सगळे ठीक झाले असे समजून निघून जातो.

दुसरे वादळही नानांना चुकले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. त्यात नानांच्या आणखी पाच पोफळी पडल्या. मी फोन केला, तेव्हा शब्द सुचेनात. नानाच म्हणाले, "अहो गुरुजी, रोपं अजून पिशवीत होती, ती वाचली. पाऊस लागला की लावतो."

२०२४ च्या डिसेंबरात पुन्हा गेलो. केळींच्या ओळींमधून पोफळीची रोपे माझ्या खांद्याएवढी झाली होती. काही डोक्याच्या वर गेली होती. सुपारी अजून एकाही रोपाला नव्हती. ती यायला आणखी तीन-चार वर्षे जातील असे नानांनी सांगितले. तोवर घर चालते ते वहिनींच्या पाहुण्यांवर, केळींवर आणि मुलाच्या पुण्यातल्या पगारावर. आळीतल्या दोन वाड्या मात्र मालकांनी विकल्या. तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत. मी त्यांना नावे ठेवणार नाही. सात वर्षे थांबणे प्रत्येकाला परवडत नाही. पण ज्या सावलीसाठी पाहुणे येतात, ती सावली धरणारी वाडीच गेली, तर त्या खोल्यांत पुढे कोण राहणार, हा प्रश्न नानांनी विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

निघताना नानांनी एक रोप माझ्या हाती ठेवले. मी म्हणालो, "आमच्या उन्हात हे जगायचे नाही." ते म्हणाले, "मग इथेच लावा. तुमच्या शाळेच्या नावाने वाढू दे." विहिरीजवळ केळीच्या आडोशाला मी ते लावले.

श्रोतेहो, वादळाची बातमी चार-सहा दिवस चालते. पुढे कधी कोकणात गेलात तर समुद्र जरूर बघा, पण ज्यांच्याकडे उतराल त्यांच्या वाडीतही एक चक्कर मारा. नवी रोपे किती, जुनी झाडे किती उरली, एवढे विचारा. जाताना घरची सुपारी, नारळ, जायफळ काय असेल ते दोन पैसे जास्त देऊन घ्या. सावरायला सात-आठ वर्षे लागणाऱ्या माणसाची विचारपूस चौथ्या-पाचव्या वर्षीही कोणी केली, तर त्याला उभारी येते. दुष्काळात वाढलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.