धूर काय सांगतो?

पहाटेची वेळ आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नावा समुद्रावर जाण्याची तयारी करीत आहेत. बर्फ भरून झाला आहे. इंजिन सुरू होते. तांडेल मात्र लगेच निघत नाही. तो मागे वळून इंजिनाच्या नळीतून येणारा धूर पाहतो.

असे का? मुलांनो, भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर तेथे मिस्त्री मिळत नाही. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे नाव वाहत जाते. ती खडकावर आदळण्याचीही भीती असते. म्हणून बिघाड बंदरातच ओळखावा लागतो.

त्यासाठी इंजिन कसे चालते ते पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याला ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवा जोराने दाबतो. त्यामुळे ती सुमारे ५०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक तापते. तिच्यात नोझलमधून डिझेलचे बारीक तुषार उडतात आणि पेट घेतात. पुरेशी हवा, बेताचे डिझेल आणि पुरेशी उष्णता या तीन गोष्टी जुळल्या, तर तापलेल्या इंजिनाचा धूर जवळजवळ दिसतच नाही.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. हवेची गाळणी तुंबली किंवा नोझल बिघडला, तर असा धूर येतो. पण कधी कधी दोष इंजिनात नसतोच. पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकतो किंवा नावेच्या तळाला शिंपले चिकटतात. मग इंजिनावर भार वाढतो. ते जास्त डिझेल घेते आणि हवा अपुरी पडते.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. प्रथम ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. ऑइल जास्त भरले असेल, तर ते कमी करावे. तसे नसेल, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. थंड इंजिन सुरू करताना थोडे डिझेल न जळताच बाहेर पडते. त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो आणि डोळे चुरचुरतात. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर मिस्त्रीला दाखवावे. दुसरा प्रकार पाण्याच्या वाफेचा. ती हवेत लवकर विरून जाते. अनेक नावांत समुद्राचे पाणी इंजिन थंड करून नळीतूनच बाहेर पडते. हे पाणी कमी झाले की वाफ वाढते. पाणी आत घेण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली तरी असे होते. तेव्हा इंजिन ताबडतोब थांबवावे, नाहीतर ते फार तापून निकामी होईल.

एक काळजी मात्र घ्यावी. हा धूर विषारी असतो. तो मोकळ्या हवेत, दुरूनच पाहावा.

शहाणा तांडेल आधी गाळणी, पंखा, ऑइल आणि पाणी तपासतो. मगच इंजिन खोलायला सांगतो. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि तिला पैसेही लागत नाहीत. पण तिच्यामुळे नाव आणि नावेतली माणसे सुखरूप घरी परततात.